ग्लासांची किणकिण

पहिल्यांदा वाटलं, स्वयंपाकघरात कोणीतरी भांडी विसळतंय. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, कानांत हेडफोन. तसाच ओरडलो, ‘‘अगं, आत्ता कसली भांडी?’’ बायको केव्हाच झोपली होती. हेडफोन काढला तर घर चिडीचूप. पुन्हा चढवला तर पुन्हा किण्ण. तो ग्लास न्यूयॉर्कमधला होता, १९६१ सालचा.

त्या वर्षी २५ जूनला, रविवारी, व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचं वादन ध्वनिमुद्रित झालं. दुपारी दोन बैठका, रात्री तीन. सुरुवातीच्या एका तुकड्यात मध्येच वीज दगा देते आणि वादन तुटतं. वीज फक्त आपल्याकडेच जाते, हा माझा समज तेव्हापासून गेला.

व्हॅनगार्ड म्हणजे सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं एक तळघर. मॅक्स गॉर्डननं ते १९३५ पासून तिथं चालवलं. आधी कवी, विनोदवीर, लोकगीतं गाणारे असा सगळा कालवा होता, जॅझनं जागा अडवली ती १९५७च्या सुमाराला. जिना उतरून गेलं की पाचरीसारखी निमुळती खोली, त्यात जेमतेम सव्वाशे माणसं. वादकांनी टेकायचं कुठं, तर स्वयंपाकघरात. म्हणजे माझा भांड्यांचा अंदाज अगदीच चुकला नव्हता म्हणायचा!

त्या दिवशीचे श्रोते मात्र काय सांगावेत. पियानोवर एव्हान्स मान इतकी खाली घालून वाजवायचा की नाक पट्ट्यांना टेकेल. आणि इकडे कोणी गप्पा मारतंय, कोणी हसतंय, बर्फ ग्लासात वाजतोय. आपल्याकडचा श्रोताही गप्प बसत नाही, पण त्याची बडबड गाण्याला उद्देशून असते. इथं गाणं एकीकडे आणि गप्पा एकीकडे.

पहिले काही दिवस मला याचा राग यायचा. मग कान डबल बेसकडे, म्हणजे त्या माणसाएवढ्या उंच, खर्जातल्या तंतुवाद्याकडे वळला. स्कॉट लाफारो, वय पंचवीस. बेसवाल्यानं खाली ठेका धरून चालत राहायचं, ही तोवरची रीत. हा गडी ठेका सोडून पियानोशी बोलायला जातो. पियानोनं एक वाक्य टाकलं की मध्येच तोंड घालतो, कधी पुढं निघून जातो, आणि ड्रमवर पॉल मोशनचे ब्रश दोघांच्या मागं हुंकार भरल्यासारखे सरसरत राहतात. साथ म्हणावी तर तशी नाही, सवाल-जवाबही नाही. ओट्यावर बसून चाललेल्या गप्पाच त्या. तीन माणसं स्टेजवर बोलतायत, बाकीची टेबलांवर. एकदा हे ध्यानात आल्यावर ग्लासांचा राग गेला.

त्या ध्वनिमुद्रणानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. एव्हान्स कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही.

आमच्याकडे काकांच्या घरी झालेल्या एका मैफलीची कॅसेट आहे. मारवा रंगलेला, गवयी निषादावर थांबलेला, सगळी खोली श्वास धरून, आणि नेमका तेव्हा काकांचा दबलेला आवाज येतो, ‘‘चहा सांगितलाय का?’’ पाठोपाठ बशीवर कप ठेवल्याचा आवाज. लहानपणी आम्ही त्या जागेची वाट बघत मारवा ऐकायचो. मारव्याची ओळख त्या चहापायीच झाली असं म्हटलं तरी चालेल.

मागच्या दिवाळीत पुतण्या ती कॅसेट घेऊन गेला. कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून काढून त्यानं मला फोनवर पाठवली. खरखर गेली, पंख्याची घरघर गेली, खोकणारे तात्या गेले. गवयी एकटाच, फ्रिजमध्ये बसून गात असल्यासारखा. मी निषादापाशी कान टवकारले. सूर थांबला, वाट पाहिली, आणि सरळ धैवतावर उतरला. मध्ये काही नाही.

‘‘छान केलंयस रे,’’ मी पुतण्याला फोनवर म्हटलं. ‘‘फक्त ती चहावाली होती ना, तेवढी परत पाठव.’’