आईचा नवा गुडघा

आज आईच्या गुडघ्याचे टाके काढले. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडावरची कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूची टोपी पांढरीशुभ्र दिसत होती. तिच्याखालची पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची चकती मात्र, किरण आरपार जात असल्याने, नुसत्या काळ्या फटीसारखी. असा सांधा साधारण १५ ते २० वर्षे, कधी त्याहून जास्त टिकतो, पण कायमचा नाही, कारण हाड स्वतःची डागडुजी करत राहते, प्लॅस्टिक फक्त झिजते. रिक्षात मी सहज विचारले, ‘‘सगळं शरीरच असं नवं मिळालं तर घेशील?’’ गेली २ वर्षे जिना टाळणारी आई चटकन हो म्हणेल, असा माझा (चुकीचा) अंदाज होता. ती म्हणाली, ‘‘दुसरा गुडघा दे, हवी तर कंबरही दे. हात मात्र माझेच राहू देत, भाकरी त्यांनाच कळते.’’