दोन टेक, एक मार्विन

हेडफोन लावा, ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमचं शीर्षकगीत सुरू करा आणि फक्त मुख्य आवाजाचा पाठलाग करा. अमेरिकी सोल गायक मार्विन गे स्वतःच्याच जोडीला गातोय. एक आवाज ओळ सरळ म्हणतो. दुसरा तीच ओळ जरा रेंगाळत घेतो, मध्येच एखादी हरकत करतो आणि पुन्हा पहिल्याला येऊन मिळतो. यातला एकही कोरसचा नाही, दोन्ही मुख्य गायनाचेच टेक आहेत, म्हणजे तेच गाणं दोनदा गाऊन केलेली ध्वनिमुद्रणं.

हे ठरवून झालेलं नाही. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या हिट्सव्हिल स्टुडिओत १९७० च्या उन्हाळ्यात हे गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. मार्विनने दोन टेक दिले होते आणि त्यातला एक निवडायचा होता. तुलना सोपी जावी म्हणून इंजिनियर केन सँड्सने दोन्ही एकाच टेपवर घेतले, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पण ऐकवताना टेप मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, वाजली आणि दोन्ही आवाज एकमेकांवर आले. मार्विनने निवड बाजूला ठेवली आणि दोन्ही टेक ठेवून दिले. पुढे ही त्याची ओळखच झाली.

घरी हे करून बघणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. एकच टेक कॉपी करून थोडा मागे सरकवतात. समजा १० मिलिसेकंद सरकवला, तर मोनोत ५०, १५०, २५० अशा दर १०० हर्ट्झला ध्वनीत खड्डे पडतात (त्या कंपनसंख्या एकमेकींना खोडतात) आणि आवाज पिंपातून आल्यासारखा पोकळ होतो. खरा दुसरा टेक गावाच लागतो. गाताना पहिला टेक हेडफोनमध्ये अगदी हळू ठेवा. मोठा ठेवलात की गळा नकळत नक्कल करायला लागतो आणि मग मजाच जाते. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, दुसरा टेक ४-५ डेसिबलने खाली घ्या. ओळीच्या शेवटचे ‘स’ आणि ‘त’ दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी फुटत असतील तर दुसऱ्यातले कापून टाका. स्वर मागेपुढे झालेले चालतात, ही व्यंजनं मात्र लगेच खटकतात. शेवटी एकदा मोनो करून ऐका. मूळ गंमत मोनोतच सापडली होती!

गाण्याच्या सुरुवातीचा सॅक्सोफोनही असाच न ठरवता आला. एली फाँटेन ऑल्टो सॅक्सोफोनवर नुसता हात मोकळा करत होता. मार्विनला तेवढंच हवं होतं, तेच ठेवलं. मागे चाललेल्या गप्पांमध्ये डेट्रॉइट लायन्सचे फुटबॉलपटू मेल फार आणि लेम बार्नी आहेत.

पण हे सगळं सैल वाटूनही कोसळत नाही, कारण खाली डेव्हिड व्हॅन डी पिटची नीट लिहिलेली अरेंजमेंट (वाद्यरचना) आहे आणि जेम्स जेमर्सनचा बास गिटार आहे. शीर्षकगीताच्या वेळी जेमर्सन इतका प्यायलेला होता, की त्याला स्टुलावर बसवेना. त्याने जमिनीवर आडवं पडून वाजवलं, असं सांगतात. त्याच्या त्या आवाजाची सामग्री साधी आहे: १९६२ चा फेंडर प्रिसिजन बास, जाड फ्लॅटवाउंड म्हणजे सपाट वेढ्यांच्या गुळगुळीत तारा (तुटेपर्यंत न बदललेल्या), तारा जिथे टेकतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. अँप्लिफायरसमोर माइक लावण्याऐवजी बास सरळ ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलमध्ये जायचा. नव्या कोऱ्या राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या, खणखणीत) तारा लावून इक्वलायझरने कितीही ट्रेबल, म्हणजे वरची धार, उतरवा, तो आवाज जमत नाही. स्वर लांबत राहतो. स्पंज त्याला वेळेत थांबवतो, आणि म्हणूनच एवढे स्वर वाजूनही गिचमिड होत नाही. याच अल्बममधल्या ‘इनर सिटी ब्लूज’वर मात्र बॉब बॅबिट आहे, आणि तो अवकाश ठेवून वाजवतो. दोघांना लागोपाठ ऐकाच.

मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याला शीर्षकगीत पसंत नव्हतं. ते २० जानेवारी १९७१ ला बाजारात आलं, धडाक्याने खपलं, आणि मग पूर्ण अल्बम ताबडतोब पाहिजे असं झालं. उरलेली गाणी मार्चमध्ये जेमतेम दोन आठवड्यांत उरकली. ती घाई ऐकू येत नाही, याचं बरंचसं श्रेय व्हॅन डी पिटला. पहिल्या बाजूची सहा गाणी एकात एक मिसळत जातात, त्यामुळे शफलवर ऐकणाऱ्याला दर गाण्याची शेपटी कापलेली वाटते. आणि हो, फंक ब्रदर्सची, म्हणजे मोटाउनच्या स्टुडिओतल्या नेहमीच्या वादकांची, नावं मोटाउनच्या वेष्टनावर पहिल्यांदा छापली ती इथेच. इतकी वर्षं हिट देऊन!

एप्रिलमध्ये डेट्रॉइटला पूर्ण मिक्स तयार झालं होतं. मार्विनने ते बाजूला ठेवून मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या साउंड फॅक्टरीत सगळं नव्याने मिक्स करवलं. २१ मेला बाजारात आलं ते हे दुसरं. २००१ च्या डिलक्स आवृत्तीत दोन्ही आहेत. एकच गाणं आलटून पालटून लावा, व्हायोलिनं कुठे बसवली आहेत ते बघा आणि मग मार्विनचा दुसरा आवाज पहिल्यापासून किती लांब ठेवलाय तेही.