गच्चीवरील बेगमी : तिसऱ्या वर्षाची नोंद

यंदाचे कडवे वाल मार्चच्या अखेरीस काढले. मुलुंडमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवर अर्ध्या कापलेल्या १४ पिंपांत ही बाग आहे. वर्षभराचे अन्न तिच्यातून निघणार नाही. बाजार पंधरा दिवस बंद राहिला तर घरातील चौघांच्या भाताला पौष्टिक जोड मिळावी, एवढाच तिचा उद्देश आहे. मुंबईत पीक घेण्यापेक्षा ते टिकवणे अवघड आहे, हे आता पुरते पटल्यामुळे पीक निवडताना मी पहिला विचार जुलैतील दमट हवेचा करतो.

गेल्या वर्षी चवळी दुपारच्या उन्हातून उचलून गरम असतानाच डब्यात भरली. डबा निवला तसे झाकणाला आतून थेंब धरले असावेत, कारण गौरी-गणपतीच्या सुमारास तो उघडला तेव्हा वरच्या दाण्यांवर हिरवट बुरशी होती आणि तळाशी भुंग्याने पाडलेले पीठ. भुंगा अनेकदा वेलावरच्या शेंगांवरच अंडी घालून ठेवतो, त्यामुळे नुसत्या घट्ट झाकणावर विसंबता येत नाही. यंदा वालाचा दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत ऊन दिले, घरात पूर्ण निवू दिले, किलोला चमचाभर एरंडेल चोळले आणि स्टीलचा डबा काठोकाठ भरला. वाळल्या वालात आणि चवळीत शेकडा वीसहून अधिक प्रथिने असतात. एवढ्या खटपटीचे चीज होते ते त्यामुळेच.

रताळ्याचे गणित वेगळे आहे. काढल्यानंतर चार-सहा दिवस सुमारे ३० अंश उष्णता आणि भरपूर आर्द्रता मिळाली की खरचटलेली साल भरून येते, आणि ऑक्टोबरची आपली हवा या कामाला जवळजवळ योग्यच असते. पुढे मात्र त्याला १३ ते १६ अंशांचा गारवा लागतो, तो आपण कोठून आणणार? महिनाभरात कोंब फुटू लागतात. त्यामुळे मी लागेल तेवढेच उकरतो, बाकीचे मातीतच ठेवतो, आणि दरम्यान कोवळ्या पाल्याची भाजी होते.

खरा भरवसा सुरणावर. अक्षय्य तृतीयेच्या आसपास डोळा असलेला अर्धा किलोचा तुकडा पिंपात पुरावा, पाणी साचू देऊ नये आणि पाने पिवळी पडून दांडा आपोआप लोळेपर्यंत हात लावू नये. डिसेंबरात काढलेला एक गड्डा न धुता, माती फक्त झटकून, जिन्याखालच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवला होता. आज एप्रिलमध्येही तो दाबून पाहिला तर दगडासारखा घट्ट लागतो.

नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम आणि वर्षानुवर्षे टिकणारी असली, तरी दोन पिंपांतील कणसे चिमण्यांनी संपवली, त्यामुळे ती आता विकतच आणून साठवीन. त्या दोन पिंपांत यंदा आणखी सुरण लावतो आहे; तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकत ठेवले आहेत.