हुंडी

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा कपाटे, फ्रिज आणि माळ्यावरची पितळी भांडी कोणत्या टेम्पोतून न्यायची याची यादी महिनाभर आधीच तयार होती. कढीपत्त्याची मात्र त्या यादीत नोंद नव्हती. इमारतीच्या मागे, बुजवलेल्या विहिरीच्या कठड्याला लागून एक जुना कढीपत्ता उभा होता आणि त्याच्याच मुळातून फुटलेले एक पिल्लू मी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावले होते. घोडबंदर रस्त्यावरच्या भाड्याच्या घरात गॅलरीला पांढऱ्या फरशा आहेत. तिथे गंजका डबा नको म्हणून मी नवी कुंडी आणली, झाड डब्यातून काढले आणि मुळांना चिकटलेली सगळी जुनी माती नळाच्या धारेखाली धुऊन काढली. मेथीची जुडी धुवावी इतक्या मन लावून हे काम केले, हे आज लिहितानाही जरा ओशाळल्यासारखे होते.

आठवड्याभरात पाने पिवळी पडून गळू लागली. मी पाणी वाढवले, पाने अधिकच गळली. शेवटी रोपवाटिकेतल्या मामांना विचारले, तर त्यांनी झाडाकडे न बघताच प्रश्न केला, "ताई, हुंडी फोडलीत का?"

मुळांभोवती धरून राहिलेल्या मातीच्या गोळ्याला हुंडी म्हणतात. आंब्याचे कलम लावताना ती फुटू द्यायची नाही, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मला मात्र ती माती म्हणजे मुळांना लागलेला मळ वाटली होती.

खरे तर मूळ कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, हे नेमके दाखवता येत नाही. मुळाच्या टोकाशी बुळबुळीत द्रव पाझरतो, त्यात मातीचे कण चिकटतात आणि त्या कणांमध्ये केशमुळे शिरलेली असतात. 1937 साली डिटमर या अमेरिकी संशोधकाने राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळे मोजली, तर त्यांची एकूण लांबी 600 किलोमीटरहून अधिक भरली, म्हणजे ठाण्याहून थेट पणजी गाठता येईल इतकी. त्यांच्यावरच्या केशमुळांची लांबी तर 10,000 किलोमीटरच्याही पुढे गेली. हे केस इतके नाजूक असतात की धुताना ते तुटले हे कळतसुद्धा नाही. पांढरीशुभ्र, स्वच्छ मुळे हातात धरून मी समाधानाने पाहत होते, तेव्हा झाडाचे तोंडच मी मोरीत वाहून घालवले होते.

मुळालगतच्या या काही मिलिमीटरच्या मातीला लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 साली स्वतंत्र नाव दिले, ऱ्हायझोस्फिअर. शेजारच्या मोकळ्या मातीपेक्षा इथे जिवाणूंची वस्ती कितीतरी दाट असते, आणि त्याचे कारण झाडाचा हात सढळ असतो हे आहे. पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेचा बराच मोठा वाटा झाड मुळांवाटे चक्क बाहेर सोडते. साखरेबरोबर सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्लेही जातात. जिवाणू ते खातात आणि मातीत लोह-ॲल्युमिनियमला जखडून बसलेले स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळे करतात. बुरशीचे तंतू मुळात शिरतात आणि जिथे मूळ पोहोचत नाही तिथून ते स्फुरद आणून देतात. पेढीवरच्या जुन्या हुंडीसारखाच हा व्यवहार म्हणायचा: साखर इथे भरायची आणि माल भलत्याच गावी उचलायचा. लिंबू-संत्र्याची केशमुळे तशी तोकडी, त्यामुळे ती झाडे बुरशीवर फार विसंबून असतात, आणि कढीपत्ता त्यांच्याच कुळातला. मी त्याची पेढीच बुडवली होती.

अर्थात या व्यवहारात चोरही असतात. बुरशीला बोलावण्यासाठी ज्वारीची मुळे जे द्रव्य सोडतात, त्याचाच माग काढून टारफुला या परजीवी तणाचे बी रुजते आणि ज्वारीच्या मुळातला रस शोषू लागते. हाक मित्राला मारावी आणि ती वैऱ्यानेही ऐकावी, यावर ज्वारीकडे तरी काय उपाय आहे?

कडधान्यांची बोलणी अधिक नेमकी असतात. जुन्या घरून न फोडता आणलेल्या दुसऱ्या एका कुंडीत मी बिरड्यातून उरलेले चार मोड आलेले वाल खोचले होते. दीड महिन्याने त्यांतला एक वेल उपटला, तर मुळांवर साबुदाण्याएवढ्या गाठी होत्या. वालाचे मूळ एक द्रव्य सोडते, ते ओळखून ऱ्हायझोबियम गटातले जिवाणू उत्तरादाखल दुसरे द्रव्य सोडतात, आणि मग केशमूळ आकड्यासारखे वळून त्यांना आत घेते. मी एक गाठ नखाने चिरली. आतून ती गुलाबी निघाली, कोवळ्या हिरडीसारखी. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा आहे; हवेतला नत्र पकडण्याचे काम प्राणवायूच्या गर्दीत बिघडते, म्हणून तो प्राणवायूला मुठीत ठेवतो आणि जिवाणूंना जेमतेम लागेल एवढाच देतो. आमचे आजोबा हरभऱ्याच्या रानात पुढचे पीक घेताना "बेवड चांगला आहे" म्हणत, म्हणजे आधीच्या पिकाने जमीन पुढच्यासाठी कसदार करून ठेवली आहे. बेवड या तीन अक्षरांत हे सगळे मावले होते, हे त्या गुलाबी गाठीकडे बघताना मला कळले.

त्यांचा दुसरा शब्द वाफसा. मातीत ओल हवी आणि हवाही हवी, हे मी पिवळी पाने पाहून पाण्याचा मारा करताना विसरले होते. खाडीकाठच्या काळ्या, कुजक्या अंड्यासारख्या वासाच्या चिखलात वाफसा कधीच येत नाही. तिथे तिवराची मुळे पेन्सिलीसारखी वर डोके काढतात आणि हवा स्वतःच खाली नेतात. ती मुळांतून पाझरते, तिथे काळ्या चिखलातले लोह गंजून मुळांवर तांबूस लेप चढतो. कढीपत्त्याला अशी सोय नाही.

इमारत पाडायला घेण्याआधी मी एकदा तिथे जाऊन आले. पत्रे ठोकलेले होते, पण पहारेकरी ओळखीचा निघाला. विहिरीच्या कठड्याजवळच्या झाडाखाली खुरप्याने वीतभर उकरले आणि बारीक मुळ्यांसकट माती बिस्किटाच्या डब्यात भरली. रिक्षावाल्याने डब्यात काय आहे विचारले, तेव्हा मी "सामान" म्हणाले.

ती माती कुंडीत मुळांशी कालवली, पाणी कमी केले, आणि तीन आठवड्यांनी खोडाच्या बगलेत तांबूस कोंब दिसला. तो त्या मातीमुळे, कमी पाण्यामुळे की नुकत्याच सुरू झालेल्या पावसामुळे, हे एका झाडावरून ठरवता येत नाही. सध्या फोडणीसाठी कढीपत्ता बाजारातून आणते. डब्यात मूठभर माती अजून उरली आहे. ती मी गॅलरीत सावलीला, ओला फडका टाकून ठेवली आहे आणि पांढऱ्या फरशीवर तिचा तांबडा डाग पडला आहे.