क्रिएटिनिन कमी आलं म्हणून

डायलिसिसवरच्या माणसाचं क्रिएटिनिन कमी आलं की घरचे खूश होतात. किडनी सुधारतेय असं त्यांना वाटतं, आणि त्यांना तरी काय बोलणार? क्रिएटिनिन हा किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, म्हणून डायलिसिस सुरू होईपर्यंत सगळं घर त्याच एका आकड्याकडे डोळे लावून बसलेलं असतं. पण ते तयार होतं स्नायूंत. मशीन तेच, आठवड्याच्या फेऱ्या त्याच, आणि तरी सुई टोचण्याआधीच्या रक्तातला हा आकडा महिन्यागणिक घसरत असेल, तर बऱ्याचदा माणसाच्या अंगावरचं मांस उतरत असतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका डायलिसिस युनिटमध्ये आहारतज्ज्ञ आहे. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही पेशंटकडून केडीक्यूओएल-36 भरून घेत होतो. किडनीच्या आजारात माणसाला आपलं जगणं कसं वाटतं, ते मोजायची ही प्रश्नावली. पहिले 12 प्रश्न एकूण तब्येतीचे, मग आजाराचं ओझं, मग खाज, पेटके, भूक न लागणं अशी लक्षणं, आणि शेवटी रोजच्या जगण्यातल्या अडचणी: पाण्याचं बंधन, खाण्याचं बंधन, प्रवास, डॉक्टरांवर अवलंबून राहणं, अगदी शरीरसंबंधसुद्धा. (तो प्रश्न वडिलांच्या वयाच्या माणसाला विचारताना मी कागदाकडे बघते, ते छताकडे बघतात.) फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडून घेतलेल्या, हाताला चार तास सुया, त्यामुळे वाचतोही आम्ही आणि खुणाही आम्हीच करतो.

दाराजवळच्या बेडवर एक काकू असतात. रक्तातला फॉस्फरस कायम सहाच्या वर, म्हणजे जास्तच, आणि माझ्याशी भांडण ठरलेलं. खाण्याच्या बंधनाचा किती त्रास होतो, असं विचारलं तर म्हणाल्या, "इचारू नगा. भोगी आली आन् म्हणता गाजर न्हाई, हरभरा न्हाई, वांगं न्हाई. मग भाजीत राहिलं काय, पातेलं?" 'अतिशय त्रास' वर खूण केली. एकूण तब्येत? "बरी हाय की. मला काय धाड भरलीया?"

शेजारी आबा. साठी ओलांडलेले, माळकरी, घरची थोडी कोरडवाहू ज्वारी. युनिटमधले आदर्श पेशंट. टेक्निशियन मुलं काकूंना सुनवायची, "आबांकडून शिका जरा." दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी साठून त्यांचं वजन किलोभरही वाढायचं नाही. पोटॅशियम 4.3, फॉस्फरस 3.1, दोन्ही आटोक्यात.

पाण्याच्या बंधनाचा त्रास? "न्हाई." खाण्याच्या? "अजिबात न्हाई." भूक न लागण्याचा?

"भूकच लागत न्हाई, तर तरास कसला हुतोय?"

पेन तिथंच थांबलं. मोकळ्या हातातलं घड्याळ मनगटावरून घसरत पार कोपराखाली जाऊन बसलं होतं. कानशिलांशी खळगे. वजनकाटा मात्र कित्येक महिने 54 वरच. फाइल उघडली. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, 2.8; ते साडेतीनच्या खाली गेलं की आम्हाला काळजी, चारच्या आसपास असलं तर बरं. क्रिएटिनिन दिवाळीत 9.4, आता 6.1. मुलगा त्याच सकाळी हसत सांगून गेला होता, "मॅडम, क्रिएटिनिन उतरायलंय!"

म्हणजे पोटॅशियम, फॉस्फरस, मधल्या दिवसांतली वजनवाढ, सगळं छान होतं, कारण माणूस जेवतच नव्हता.

सून बाहेर बाकावर होती. तिच्या पिशवीतून जे निघालं ते बघून राग कुणाचा करायचा तेच कळेना. दोन आहारतक्ते. एक डायलिसिसच्या आधीचा, दुसरीकडून आलेला, लॅमिनेट केलेला: डाळी बंद, कडधान्यं बंद, दूध बंद. त्या वेळी ते ठीक होतं, उरलेल्या किडनीवरचा भार कमी करायला प्रथिनं कमी देतात. दुसरा आमचा. पण डायलिसिस सुरू झालं की प्रथिनं वाढवावी लागतात, किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम, कारण प्रत्येक फेरीत 6 ते 8 ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचेच घटक, पाण्याबरोबर निघून जातात. त्या पोरीनं दोन्ही तक्त्यांमधली 'बंद' ची यादी एकत्र करून पाळली होती. अक्षरशः पाळली होती. पोटॅशियम उतरावं म्हणून भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवणं, उकळणं, पाणी ओतून देणं, मीठ जवळपास नाही. उरलं काय? भात आणि दोनदा उकळलेला दुधी.

हे सगळं वेगळं शिजायचं, म्हणून आबांचं ताट संध्याकाळी साडेसहालाच ओसरीवर यायचं. बाकीचे साडेआठला आत बसायचे. आदल्या रविवारी सगळे रानात हुरड्याला गेले, आबा घरी. बघून इच्छा नको व्हायला म्हणून. सुनेला ते सांगताना रडू आलं. आबांना नाही. ते म्हणाले, "कसं असतंय मॅडम, इच्छा मारत गेलं की मरतीच."

प्रश्नावलीच्या हिशेबात ही उत्तरं चांगल्या बाजूला पडतात. बंधनाचा त्रास नाही, म्हणजे गुण जास्त. काकूंचे गुण कमी. मला विचाराल तर वॉर्डात जेवणावरून कटकट करणारा पेशंट मला आवडतो, त्याला अजून काहीतरी खायचं असतं.

डॉक्टरांनी पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. मांस गेलं होतं आणि त्याची जागा पाण्यानं घेतली होती, म्हणून काटा हलला नव्हता. आधी कुठं जंतुसंसर्ग नाही ना ते तपासलं, त्यानंही अल्ब्युमिन उतरतं. मग ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, अर्ध्या-अर्ध्या किलोनं खाली आणायचं ठरलं.

स्वयंपाकाचं माझ्याकडे आलं. अंडं चालणार नाही. मुगाची डाळ मोजून, मुगाचं धिरडं, घरचं पनीर, आणि जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी पहिल्या घासाबरोबर. जेवणानंतर तासानं घेऊन तिचा उपयोग नाही. जुना तक्ता मी काढून घेतला. सुनेला म्हटलं, भाजी एकच कर, सगळ्यांचीच भिजवून-उकळून. फोडणीला टाकली की आबांची वाटी आधी बाजूला काढ, मग उरलेल्यात मीठ आणि शेंगदाण्याचं कूट घाल. ताट साडेआठला, आत. "लो सोडियम मीठ आणू का?" तिनं विचारलं. अजिबात नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

फेब्रुवारीचा रिपोर्ट आला आणि मुलाचा घाबरून फोन. पोटॅशियम 5.2, फॉस्फरस 5, क्रिएटिनिनही वर. "मॅडम, सगळंच वाढलंय." मी म्हटलं, वाढू दे, अजून हद्दीत आहे. पटलं नाही त्याला. डॉक्टरांनी सांगितल्यावर थोडं पटलं.

हुरडा संपत आला होता. डायलिसिसच्या सकाळी मूठभर खायला डॉक्टरांनी परवानगी दिली, शेंगाच्या चटणीशिवाय. त्या दिवशी आबा मशीनवर आले ते तणतणतच. "शेंगाच्या चटणीबिगर हुरडा? ह्याला काय अर्थ हाय?" काकूंनी पलीकडून लगेच री ओढली. आता दोघं मिळून भांडतात.

पाडव्याला अल्ब्युमिन 3.2 होतं. साडेतीनला अजून पोचलेलं नाही. चटणीवर तह चालू आहे. त्यांची मागणी चमचाभर, माझी तयारी चिमूटभर, तीही गोळी घेतली तरच.