यंदा पढंतीला कोण बसणार?

गुरुपौर्णिमा जवळ आली की आमच्या फोंड्याच्या कथक क्लासमध्ये पहिला प्रश्न हाच. पढंत म्हणजे नाचाचे बोल हातावर ताल धरून तोंडाने म्हणणं. हॉल कुठला, खाणं कुणाकडे, साऊंडवाला मोकळा आहे का, हे सगळं नंतर. माझ्या दोन्ही मुली क्लासच्या बाईंकडे शिकल्या, मोठी 1998 मध्ये लागली, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेच साल म्हणून लक्षात राहिलंय. तेव्हापासून आधी पालक म्हणून आणि मग मंडळाची खजिनदार म्हणून मी एकही गुरुपौर्णिमा चुकवलेली नाही. एकदाच सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून मध्येच उठून जावं लागलं, त्याची रुखरुख अजून आहे.

सुरुवात दरवर्षी तशीच असते. समई, नटराज, विष्णु दिगंबर पलुस्करांचा फोटो, त्याच्या बाजूला बाईंच्या गुरूंचा, शाल-श्रीफळ, अहवालवाचन (ते माझ्याकडे), पाहुण्यांचे दोन शब्द. मग छोट्यांची वंदना, मधल्या बॅचचे तोडे-तुकडे, परीक्षांचे निकाल, कोण मध्यमाला, कोण विशारदला. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, मधे दहावी-बारावी येते, तिथेच निम्म्या मुली गळतात, त्यामुळे शेवटपर्यंत जी पोचते तिच्यासाठी टाळ्या वाजवताना हात दुखले तरी चालतं.

पण मी जिच्यासाठी पुढची खुर्ची धरते ती गोष्ट अगदी शेवटी असते. त्या वर्षी जी मुलगी विशारद झाली असेल किंवा नोकरी, शिक्षण, लग्न कशासाठी तरी गाव सोडून जाणार असेल ती आधी तिचं नाचून घेते, आणि घुंगरू न सोडता तशीच तबल्याच्या शेजारी येऊन बसते. मग त्या वर्षी लागलेली सगळ्यात लहान मुलगी मधोमध उभी राहते आणि मोठी तिच्यासाठी बोल म्हणते. हातावर ताल धरून, पहिली, पाचवी आणि तेरावी मात्रा टाळी, नववीला खाली. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. साधा ततकार (पायांचं मूळ काम), तीनतालाची आवर्तनं, शेवटी छोटीशी तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा म्हणून समेवर, पहिल्या मात्रेवर येणं. एवढंच. हॉलमधल्या नव्या माणसाला वाटतं हे काय, हे तर पहिलीतल्या बाराखडीसारखं झालं. पण मोठीचा दम अजून बसलेला नसतो, कपाळावरचा घाम डोळ्यात जात असतो, तरी लय जरासुद्धा वर जाऊ देत नाही, कारण समोरच्या पोरीचे पाय तेवढ्याच लयीत चालतात हे तिला माहीत असतं. आणि ती पोर प्रेक्षकांकडे बघतच नाही, तिची नजर मोठीच्या ओठांवर. माझ्या दोघी त्या जागी बसल्या तेव्हा मला रडू आलं ते ठीक आहे, पण दुसऱ्यांच्या मुली बसतात तेव्हाही येतंच.

एका वर्षी हे चालू असतानाच लाईट गेली. आषाढातला पाऊस, फोंड्याला ते काही नवीन नाही, पण ती पोर सहा वर्षांची होती आणि आधीच आत रडून आली होती, बाईंनी तिला पडद्यामागे जवळ घेऊन "वच गो, हांव आसां" (जा गं, मी आहे) म्हणून पुढे केलेलं मी बघितलं होतं. सगळा काळोख, पत्र्यावर पाऊस धो धो, माईक बंद. तबल्याचे काका थांबले नाहीत. मोठीने आवाज चढवला, लय मात्र तीच, आणि खालून त्या पंचवीस-पंचवीस घुंगरांचा आवाज बारीक पण बरोब्बर येत राहिला. स्टेजच्या कोपऱ्यात समई होती तिच्या उजेडात फक्त दोन पाय दिसत होते. कुणी हूं की चूं केलं नाही. तिहाई समेवर आली तेव्हा आधी काकांच्या तोंडून "क्या बात है" निघालं, मग टाळ्या.

बाई स्वतः भाषण करत नाहीत म्हणा, दोनच मिनिटं बोलतात आणि त्यातही दरवर्षी लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर येतातच. हाता-पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरणारा माणूस आपल्या गोव्यात होऊन गेला, तेव्हा तुम्ही सोळा मात्रांना काय घाबरता, असं म्हणतात. ऐकून पाठ झालंय तरी दरवेळी अंगावर काटा येतो. कारण ज्या काळात बाईंनी क्लास काढला तेव्हा इथल्या घरांत मुलीला नाच शिकवायचा म्हटलं की आजी जेवण टाकायची. देवळांत पिढ्यान्‌पिढ्या गाणं-नाच सांभाळणाऱ्या बायकांना समाजाने काय काय ऐकवलं ते जुन्या लोकांच्या लक्षात होतं, गाण्यात केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर झाल्यावर मान मिळाला, पण घुंगरांकडे बघण्याची नजर बदलायला फार वेळ लागला. बाई घरोघरी जाऊन बसायच्या, चहा घ्यायच्या, आणि मुलीबद्दल एक शब्द न काढता आजीशी गप्पा मारून यायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आजीच विचारायची, क्लास कितीला असतो म्हणून.

2020 ला गुरुपौर्णिमा झाली नाही. ऑनलाईन करून बघितलं पण नेटवर आवाज मागेपुढे येतो, इकडची सम तिकडे पोचेपर्यंत दुसरी मात्रा, ताल धरताच येईना. मग बाईंनी फोनवर पढंत रेकॉर्ड करून एकेकीला वेगळी पाठवली, जिची जी लय तिला तीच. माझ्या फोनमध्ये त्यातल्या दोन अजून आहेत, मागे कुकरची शिट्टी पण ऐकू येते.

आता एक बोलायचंच आहे. आपल्या मुलीचा आयटम झाला की आई-वडील गाडी काढतात. शेवटची पढंत सुरू होते तेव्हा तीनशेच्या हॉलमध्ये कधी कधी साठ माणसं असतात. मी मोजते. एकदा प्रमुख पाहुणे समई लावून, फोटो काढून निघून गेले, तेही एक वेळ समजू शकते, त्यांना दुसरे कार्यक्रम असतात. पण ज्या मुलींना बाईंनी फी न घेता शिकवलं, परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःच्या घरी झोपवलं, त्या पणजीहून फोंड्याला यायला पाऊस आहे म्हणतात तेव्हा मला लागतं. बाईंना लागत नसेल, मला लागतं.

आणि जे येतात, राबतात, त्यांच्याबद्दल अहवालात दोन ओळीच बसतात म्हणून इथे लिहिते. शिरोड्याचे तबल्याचे काका, डग्गा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भर पावसात स्कूटरवरून येतात. पेटीवर एकच लेहरा (तालाची धून) तीन-तीन तास न कंटाळता धरणारे केरीचे मास्तर. त्यांच्या आधी जे पेटीला बसायचे ते आता नाहीत, त्यांच्या घरून अजूनही दरवर्षी नारळ येतो. ड्रेस शिवणाऱ्या कुर्टीच्या वहिनी, शेवटच्या दिवशी उसवलेलं सगळं त्याच टाचतात. मेकअपच्या दोघी बहिणी. बाजारातल्या फुलवाल्या मावशी अबोलीचे वळेसार आधी देतात, पैसे मागाहून. पातळभाजी आणि उंडे वेळेवर आणणारे हॉटेलवाले दादा. लांबच्या मुलींना ने-आण करणारे बालरथचे (शाळेच्या बसचे) ड्रायव्हर. जाजमं घालणारे बाबा लोक, हॉलची किल्ली सांभाळणारे देवळातले भाऊ, आणि लाईट गेली त्या रात्री फोन केल्यावर रेनकोट घालून खांबावर चढलेला आमच्या वाड्यावरचा लाईनमन. फोटोवाला राहिला! त्याने मागची दोन वर्षं बिलच दिलेलं नाही, मी खजिनदार आहे, मला माहीत आहे. अजून कुणी राहिलं असेल तर कृपा करून मला सांगा, मुद्दाम वगळलेलं नाही.

यंदा पढंतीला कोण ते बाई आदल्या तालमीपर्यंत सांगणार नाहीत. विशारद झालेल्या दोघी आहेत आणि एक बेंगलोरला चाललीय, तिघीही रोज लवकर येऊन बसतात. छोट्या मात्र चार आल्यात, त्यांच्यासाठी घुंगरू ओवायचं काम चालू आहे. बाई विकतची माळ कधीच देत नाहीत, सुती दोरीत एकेक घुंगरू घालून प्रत्येकामागे गाठ मारायची, म्हणजे एखादं तुटलं तरी बाकीची स्टेजवर सांडत नाहीत आणि पोर घाबरत नाही. हे वर्षानुवर्षं त्यांनी एकटीने केलं. आता बोटं वळत नाहीत म्हणून दुपारी मी जाते, मी ओवते आणि त्या शेजारी बसून प्रत्येक गाठ नखाने दाबून बघतात. तीन जोड झाले, चौथ्याची एक माळ बाकी आहे. काल अकरावी गाठ सैल आहे म्हणून तिथून पुढचं सगळं सोडायला लावलं.