खापरपणजीची चार नावं: डब्लिन ते बॅलिव्हूर्नी

माझ्या विहीणबाईंकडे बॉस्टनला एक पत्र्याचा डबा आहे. जावयाच्या खापरपणजीचे, म्हणजे त्याच्या पणजोबांच्या आईचे, जे काही कागद उरले ते सगळे त्यात आहेत. लग्नाच्या दाखल्यावर तिचं नाव अ‍ॅबी. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर अ‍ॅबिगेल. थडग्याच्या फोटोत डेबोरा. आणि आयर्लंडहून भावाने पाठवलेलं एकच पत्र शिल्लक आहे, त्यात ती 'गबी'.

पैसे घेऊन वंशावळ करून देणाऱ्या एका सेवेने यातून दोन बायका तयार करून दिल्या होत्या. पहिली अ‍ॅबिगेल, ती वारल्यावर दुसरी डेबोरा. विहीणबाईंना ते कधीच पटलं नाही. "दुसरी बायको होती तर पहिलीचं थडगं कुठाय?" त्या विचारायच्या. लेकीला दिवस गेले आणि मुलगी झाली तर याच बाईचं नाव ठेवायचं असं दोघांनी ठरवलं, तेव्हा खरं नाव कोणतं ते शोधणं भागच होतं. या फेब्रुवारीत आम्ही चौघं, लेक, जावई, विहीणबाई आणि मी, दहा दिवस आयर्लंडला जाऊन आलो.

आधी व्हिसाचं सांगते. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो. पूर्वज उत्तरेकडच्या सहा काउंट्यांतले असतील तर बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात जावं लागेल आणि ते युनायटेड किंग्डममध्ये येतं. रस्त्यात सीमा दिसत नाही म्हणून कागद लागत नाहीत असं समजू नका. आमचं काम दक्षिणेत कॉर्क काउंटीत होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

तिकीट काढण्याआधी मात्र एक गोष्ट हातात हवीच: गावाचं नाव. नुसतं गाव नाही, टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखा जमिनीचा सर्वांत लहान तुकडा. अख्ख्या आयर्लंड बेटावर असे साठ हजारांहून जास्त आहेत, आणि एकच नाव दहा ठिकाणी सापडतं. अमेरिकेतल्या कागदांवर जन्मस्थान बहुतेक वेळा फक्त 'आयर्लंड' एवढंच असतं. बॉस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती छापून येत आणि त्यांत अनेकदा पॅरिशचंही, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचंही, नाव असे. बॉस्टन कॉलेजने त्या ऑनलाइन शोधता येतील अशा ठेवल्या आहेत, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. आम्हाला भावाच्या पत्राच्या माथ्यावरच टाउनलँड मिळाला. तो बॅलिव्हूर्नी पॅरिशमधला, कॉर्क आणि केरीच्या हद्दीजवळचा. कुटुंबाची इच्छा म्हणून टाउनलँडचं आणि घराण्याचं नाव इथे देत नाही.

डब्लिनमध्ये आमचा पहिला सोमवार वाया गेला. २०२३ पासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला संत ब्रिजिडची सार्वजनिक सुट्टी असते, ते आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तारखा बघून जा.

मंगळवारी सकाळी किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. वंशावळीबद्दल सल्ला देणारा कक्ष इथे मोफत आहे. खरं सांगायचं तर सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा अर्धा तास तिथलाच. तिथल्या बाईंसमोर आम्ही चार नावांचा कागद ठेवला. कॉर्क, बॅलिव्हूर्नी एवढं ऐकलं आणि त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पाचवं नाव लिहिलं: गोबनित.

संत गोबनित ही बॅलिव्हूर्नीची रक्षणकर्ती, मधमाश्या पाळणाऱ्यांची संत. त्या भागात मुलीचं नाव गोबनित ठेवायची जुनी रीत. पण एकोणिसाव्या शतकात कागदांची भाषा इंग्रजी होती आणि चर्चची लॅटिन. गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतलं, नाव कारकुनाला लिहिता येत नसे, किंवा तो लिहीत नसे. मग ठरलेली जोडनावं वापरली जात. गोबनितसाठी अ‍ॅबिगेल आणि त्याचं लाडकं रूप अ‍ॅबी. गोबनितसाठीच डेबोरा, कारण हिब्रूत डेबोरा म्हणजे मधमाशी, असं तिकडचे लोक सांगतात. आणि घरात गबी. विहीणबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि काही बोलल्याच नाहीत. दोन बायका नव्हत्याच. एकच होती.

पुढे जाणाऱ्यांनी अशी जोडनावं आधीच टिपून न्यावीत. डायर्मुइड हा कागदावर जेरेमाया होतो. कॉनहूर कॉर्नेलियस होतो. टाइग कधी टिमथी, कधी थॅडियस. साइव्ह नावाची बाई सबायना किंवा सॅली म्हणून सापडेल. होनोरा, हनोरा, नोरा यांना एकच धरा. पश्चिम कॉर्कमध्ये फ्लॉरेन्स दिसलं की बाई समजू नका. तिथे ते फिनीन या पुरुषी नावाचं इंग्रजी रूप आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडलेला मॅकार्थी सरदार फ्लॉरेन्सच होता. नाव शोधताना कानाने शोधा, अक्षरांवर अडून बसू नका. आडनावापुढचं 'ओ' आणि 'मॅक' एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं.

आता कागदांचं. कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये मोफत ऑनलाइन ठेवली, साधारण १८८० पर्यंतची. म्हणजे ती घरी बसूनही पाहता येतात, पण पानांची नुसती छायाचित्रं आहेत, नावाने शोधायची सोय तिथे नाही. काही व्यावसायिक संकेतस्थळांनी सूची केली आहे, पण ज्याने ती केली त्याने गोबनितचं काय वाचलं असेल सांगता येत नाही. आम्ही सूची बाजूला ठेवली आणि पानं उलटत बसलो. शाई फिकी, कडा ओल लागून काळ्या, फादरचं अक्षर घाईचं. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, हे दुसऱ्या तासाला डोळ्यांत बसलं.

दुपारी तीनच्या सुमारास लेकीने माझा दंड घट्ट धरला. १८६८ ची नोंद. मुलीचं नाव गोबिनेट. पुढे बापाचं नाव, आणि त्याच्याशेजारी आईचं, तिच्या माहेरच्या आडनावासकट. नंतर दोन धर्ममातापित्यांची नावं, त्यांतली बाई आईच्याच आडनावाची. बहुधा मावशी.

आईचं माहेर त्या ओळीत वाचून माझे डोळे भरून आले. आमच्या घरी त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडून उतरवून आणलेली वंशावळ आहे. त्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बायका नाहीत. माझ्या आजीचं माहेरचं नाव कोणत्याही कागदावर नाही, ते फक्त मला आणि माझ्या मावशीला माहीत आहे. इथे एका गरीब शेतकरणीचं माहेर दीडशे वर्षांपूर्वी एका फादरने लिहून ठेवलं आणि ते आज कुणालाही वाचता येतं. सरकारी लग्ननोंदीत मात्र दोघांच्या बापांचीच नावं असतात. म्हणून आईची बाजू शोधायची तर बाप्तिस्मा किंवा जन्माची नोंद गाठा.

सरकारी जन्मनोंदी १८६४ पासून सुरू होतात. कॅथलिकांचे विवाह आणि सगळ्यांचे मृत्यूही तेव्हापासून. इतरांचे विवाह १८४५ पासून. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू सरकारच्या वंशावळ संकेतस्थळावर मोफत दिसतात. दाखला विकत घ्यायची गरज नाही. आमच्या बाईची तिथली नोंद अ‍ॅबिगेल नावाने आहे. आईबाप तेच, टाउनलँड तोच, पण जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नंतरची! नोंद उशिरा केली की दंड पडे, म्हणून लोक तारीख पुढे ढकलून सांगत. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या तारखेवर विश्वास ठेवा.

जनगणनेवर फार भिस्त ठेवू नका. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने स्वतःच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाईत लगद्यात गेले. त्याआधीचे बहुतेक ३० जून १९२२ ला, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या अभिलेखागाराच्या आगीत जळाले. १९२२ पूर्वीच्या जनगणनांपैकी पूर्ण हाती येतात ते १९०१ आणि १९११ चे, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर, मोफत. त्यांतल्या वयांवरही विसंबू नका. १९०९ मध्ये सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली आणि दहा वर्षांत अनेकांचं वय पंधरा वर्षांनी वाढलं! १९०१ च्या फॉर्मवर भावाचं घर सापडलं. भाषेच्या रकान्यात 'आयरिश आणि इंग्रजी', आणि मुलींमध्ये एक अ‍ॅबी. बॉस्टनला गेलेल्या आत्याचं नाव भाचीला ठेवलं होतं.

बिशप स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाणार असाल तर फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, वाचक-कार्ड लागतं. आत पेन्सिलच चालते. आमचं तिथलं काम तासाभरात आटपलं.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून कॉर्क अडीच तास. तिथून जावयाने गाडी भाड्याने घेतली. आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असल्याने त्रास नाही, पण आतले रस्ते एका गाडीपुरते आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध. बॅलिव्हूर्नी गेलिक बोलणाऱ्यांचा भाग आहे. पाट्यांवर नाव बाइले वूर्न्या असं गेलिकमध्ये असतं, ते आधी लिहून ठेवा.

आम्ही मुद्दाम ११ फेब्रुवारी साधली होती. तो गोबनितचा सण. पाऊस बारीक, वारा हाडं गोठवणारा. टेकडीवर १९५१ मध्ये शेमस मर्फी यांनी घडवलेली तिची मूर्ती आहे, पायाशी मधमाश्या. शेजारी गोल दगडी झोपडीचे अवशेष. तिथल्या उत्खननात लोखंड गाळल्याच्या खुणा मिळाल्या, आणि गोबनित या नावात 'गोबा' म्हणजे लोहाराचा शब्द आहे असं सांगतात. लोक जपमाळ ओढत झोपडीभोवती, थडग्याभोवती, पडक्या चर्चभोवती फिरत होते, सूर्याच्या दिशेने, उजवीकडून. प्रदक्षिणाच ती. मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. मी चालायला लागले.

मग गावातलं चर्च. तिथे गोबनितची मध्ययुगीन लाकडी मूर्ती वर्षातून मोजक्या दिवशी बाहेर काढतात. लोक घरून रिबिन आणतात, मूर्तीच्या उंचीने आणि भोवती गुंडाळून ती मापतात आणि घरात आजारपणासाठी जपून ठेवतात. रिबिन तुमची तुम्ही न्यायची. आमच्याकडे नव्हती. रांगेतल्या आजींनी आपल्या निळ्या रिबिनीचा अर्धा भाग कापून लेकीच्या हातात दिला. कुणाच्या शोधात आलात म्हणून त्यांनी विचारलं. जावई म्हणाला, अ‍ॅबी. आजी हसल्या. "अ‍ॅबी म्हणजे गोबनितच की. माझी आजीही कागदावर अ‍ॅबीच होती."

टाउनलँडला संध्याकाळी गेलो. ग्रिफिथच्या मूल्यांकनाचे, म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेल्या जमीन-घरांच्या पाहणीचे, १८५० च्या आसपासचे नकाशे ऑनलाइन मोफत आहेत. त्यावरचा तुकड्याचा क्रमांक आजच्या नकाशाशी ताडून पाहिला की जागा सापडते. घर उरलेलं नाही. एक जोतं, त्यावर काटेरी झुडूप, आणि खाली ओढा. कुणाच्याही शेतात विचारल्याशिवाय शिरू नका, फाटक जसं होतं तसं लावा. आम्ही शेजारच्या घरी विचारलं, त्यांनी स्वतः वाट दाखवली आणि परतताना चहा पाजला. विहीणबाईंनी जोत्यावरचा एक खडा उचलून रुमालात बांधला.

मराठी वाचकांपैकी कुणाचा पूर्वज खडकी-देवळालीच्या छावण्यांतला आयरिश शिपाई असेल, तर डब्लिनच्या आधी लंडन गाठा. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफन नोंदलेले आहेत, आणि लंडनमधल्याच क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शिपायांच्या सेवामुक्तीच्या कागदांवर जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. तो मिळाला की मग आयर्लंड.

आमचं एक काम राहिलंय. गोबनितच्या आईबापांचं लग्न बॅलिव्हूर्नीच्या रजिस्टरात मिळालं नाही. तिकडे लग्न बहुधा मुलीच्या पॅरिशमध्ये लागायचं, आणि आईचं आडनाव डेरिनासॅगर्ट डोंगरापलीकडे, केरीच्या बाजूला जास्त दिसतं. तिकडची रजिस्टरं विहीणबाईंनी बॉस्टनला उघडून ठेवली आहेत. रोज रात्री दहा पानं वाचतात आणि सकाळी मला फोन करतात.